मेडिकलच्या मुलाखतीची तालीम

माझी सगळी नोकरी बेडकांवर झाली. मोहाडीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवत होतो. राहायला वरठीला, स्टेशनच्या मागच्या वस्तीत, आणि रोजचं जाणं-येणं सायकलनं. प्रयोगशाळेला लागणारे बेडूक आम्ही बाहेरून मागवत नसू. जवळच एक बोडी होती, म्हणजे धानाला पाणी देणारं लहानसं तळं. विद्यार्थीच तिच्यात उतरायचे आणि डबे भरून आणायचे. बारावी सायन्सचा वर्ग जेमतेम भरायचा. पण त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या बापाची एका गोष्टीबद्दल पक्की खात्री होती. पोरगं सायन्सला आहे, म्हणजे आता डॉक्टर होणार.

या अंकाच्या संपादकांनी मला शिकवण्याच्या अनुभवांवर लिहायला सांगितलं आहे. खरं सांगायचं तर त्यात सांगण्यासारखं फार नाही. बेडकाचं हृदय माझ्या पहिल्या वर्षी तीन कप्प्यांचं होतं, मी निवृत्त झालो तेव्हाही तीनच कप्प्यांचं होतं. पण शिकवण्याच्या जोडीला मी आणखी एक काम करत असे, जे माझ्या नेमणुकीच्या पत्रात कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते म्हणजे पोरांना मेडिकलच्या मुलाखतीसाठी तयार करणं. त्यात मी एकदा सपशेल चुकलो आणि एकदा जिंकलो. लोक मला जिंकल्याबद्दलच विचारतात. पण चुकल्याचं सांगितल्याशिवाय जिंकल्याचं नीट कळणार नाही.

आधी मुलाखत म्हणजे काय ते सांगतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं, अकरावी-बारावी नुकतीच सुरू झाली होती. सरकारी मेडिकल कॉलेजातला प्रवेश गुणांवरच व्हायचा. तिथंही मुलाखतीचं पत्र यायचं, पण ती नावालाच मुलाखत. रांगेत उभं राहायचं, दाखले टेबलावर मांडायचे, उंची-वजन करून घ्यायचं, झालं. आमचा एक विद्यार्थी त्यासाठी महिनाभर आरशासमोर इंग्रजी बोलत होता. तिथल्या बाबूंनी त्याला एकच प्रश्न विचारला, "ओरिजिनल आणलं का?" त्यानं उत्तर दिलं, "येस सर, थँक यू सर," आणि तो बाहेर आला. पुढं कितीतरी दिवस तो मुलाखत छान झाल्याचं सांगत फिरत होता.

खरी मुलाखत घेणारं एक कॉलेज नागपूरच्या पलीकडे होतं. खेड्यात जाऊन काम करतील असे डॉक्टर घडवायचे, असा त्या संस्थेचा हेतू. लेखी परीक्षेत वर आलेल्या मुलांना ते समोर बसवायचे आणि दहा-पंधरा मिनिटं बोलायला लावायचे. टेबलापलीकडे पाच जण, अलीकडे एक खुर्ची. गुण कमी पडल्यामुळं सरकारी कॉलेजात न बसणाऱ्या, पण हुशार असणाऱ्या आमच्या खेड्यांतल्या मुलांना हाच एक दरवाजा उघडा होता. म्हणून मी त्या दहा-पंधरा मिनिटांच्या मागं लागलो.

पहिला मुलगा रमेश साठवणे. मोहाडीपासून आत असलेल्या एका खेड्यातला. वडील लहानपणीच गेले होते. आई गावातली दाई. आजूबाजूच्या चार-पाच गावांतली बाळंतपणं तीच करायची. रमेश लेखी परीक्षेत निघाला तेव्हा आमच्या कॉलेजात पेढे वाटले गेले. मी त्याला तीन आठवडे रोज घरी बोलावलं. प्रश्न मीच लिहिले, उत्तरंही मीच लिहिली, तीही इंग्रजीत, आणि त्याच्याकडून पाठ करून घेतली. डॉक्टर का व्हायचं आहे? गरिबांची सेवा करायची आहे. छंद कोणता? वाचन. चालायचं कसं, बसायचं कसं, हात कुठं ठेवायचे, सगळं मी घोटून घेतलं. मी स्वतः आयुष्यात एकदाच मुलाखत दिली होती, तीही या नोकरीची, आणि तिथं मला फक्त नाव विचारलं होतं. तरी मी मोठ्या आत्मविश्वासानं शिकवत होतो.

एका संध्याकाळी रमेशनं विचारलं, "सर, आई काय करते असं इचारलं तं?"

"हाउसवाइफ म्हण."

"पण थे तं बाळंतपणं करते, सर."

"ते तिथं सांगायचं नाही," मी म्हणालो. "समोर मोठे मोठे डॉक्टर बसलेले असतात. अडाणी दाईचा मुलगा म्हटलं तर काय वाटेल त्यांना?"

त्यानं मान हलवली आणि वहीत हाउसवाइफ लिहून घेतलं.

मुलाखत देऊन तो परत आला तेव्हा मी कॉलेजच्या व्हरांड्यात होतो. तो जवळ आला आणि चेहरा न बदलता सगळं सांगू लागला. पहिले चार प्रश्न आम्ही लिहिलेलेच आले. त्यानं धडाधड उत्तरं दिली. आई काय करते विचारल्यावर हाउसवाइफ म्हणाला. मग टोकाला बसलेल्या एका डॉक्टरबाईंनी मराठीत विचारलं, "तुमच्या गावात बाळंतपणं कुठं होतात?"

रमेश म्हणाला, प्राथमिक आरोग्य केंद्रात. पुस्तकात तसंच होतं.

"किती लांब आहे ते?"

"लांब आहे."

"पावसाळ्यात रस्ता असतो?"

"नसते, बाई."

"मग पावसाळ्यात एखादी बाई अडली, तर तुमच्या गावात काय करतात?"

आणि इथं रमेश गप्प झाला. बाईंनी वाट पाहिली. मग दुसऱ्या कुणीतरी छंदाचं विचारलं, आणि मुलाखत संपली.

"मले उत्तर माहीत होतं, सर," रमेश मला म्हणाला. "दरसाली पावसाळ्यात मीच तं कंदील धरून मायसंगं जातो. बाई अडली तं माय काय करते, कोणाले बैलगाडीत टाकून न्या म्हनते, कोणाले नोको म्हनते, सगळं माहीत आहे. पण मी पहिलेच हाउसवाइफ म्हणून बसलो होतो. मंग कसं सांगू, का माही मायच करते म्हणून?"

त्याचं नाव यादीत आलं नाही. जे कॉलेज खेड्यासाठी डॉक्टर शोधत होतं, त्याच्यासमोर मी एका दाईचा मुलगा नेऊन बसवला आणि त्याची आईच लपवून ठेवायला लावली. रमेशनं मला कधी बोल लावला नाही. पुढं तो आरोग्य खात्यात लागला, हिवताप आणि हत्तीरोगाच्या कामावर. गावोगाव सायकलनं फिरायचा, लोकांच्या बोटातून रक्ताचे थेंब घ्यायचा, गोळ्या वाटायचा. रस्त्यात भेटला की सायकलवरून उतरून नमस्कार करायचा. तो नमस्कार मला फार जड जायचा.

त्यानंतर दोन-तीन वर्षं मी हे काम बंद ठेवलं होतं. लोक मात्र येत राहिले. एकदा एका राइस मिलचे मालक आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा लेखी परीक्षेत काठावर निघाला होता. "आत कोण कोण बसते, तेवढं सांगा, गुरुजी, बाकी आमी पाहून घेऊ," ते म्हणाले. मी मुलाला एकट्याला आत नेलं आणि विचारलं, "तुला डॉक्टर व्हायचंय का?"

तो म्हणाला, "नाही."

"मग काय व्हायचंय?"

त्यावर त्यानं मला मिलच्या इंजिनाबद्दल अर्धा तास सांगितलं. पट्टा कुठं घसरतो, तेल कधी बदलायचं, बापाचा मिस्त्री कुठं चुकतो. मी बाहेर येऊन मालकांना ते जसंच्या तसं सांगितलं. ते संतापून निघून गेले आणि कित्येक वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मुलानं पुढं लाखनीला हायवेवर ट्रकदुरुस्तीचं मोठं वर्कशॉप काढलं. मुलाखतीच्या धंद्यातलं हे माझं पहिलं यश समजायला हरकत नाही.

कुसुम बांते माझ्या वर्गात दोन वर्षं होती आणि त्या दोन वर्षांत मी तिचा आवाज हजेरीपुरताच ऐकला होता. "हजर" म्हणायची तेही खाली पाहून. पण तिची प्रयोगवही उघडली की बघत राहावं. बेडकाच्या शिरा आणि धमन्या तिनं काढल्या की पुस्तकातली आकृती फिकी वाटायची. तिनं त्या कॉलेजची लेखी परीक्षा कधी दिली हेही मला माहीत नव्हतं. एका रविवारी सकाळी तिचे वडील तिला घेऊन माझ्या घरी आले तेव्हा कळलं.

दसारामजी बांते तळ्याकाठच्या एका गावातले शेतकरी. धोतर, बंडी, खांद्यावर दुपट्टा. उजवा पाय गुडघ्यापासून खाली सुजून खांबासारखा झालेला. हत्तीपाय. आमच्या भागात तळी आणि धानाची शेतं फार, त्यामुळं डासही फार आणि हा रोगही घरोघर. ते पायरीवरच बसले, पाय हातानं उचलून पुढं ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, पोट्टी पास झाली म्हनते. आता तिथं तोंडी इचारतेत. हे तं घरी बी बोलत नाही. कसं करावं?"

मी नाही म्हणणार होतो. पण कुसुम दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि वडिलांच्या पायाकडं बघत होती.

"मुलाखत कधी आहे?" मी विचारलं.

पंधरा दिवसांनी होती. ऐन रोवण्यात, म्हणजे धानाची रोपं उपटून चिखलात लावायच्या दिवसांत.

मी ठरवलं, या वेळी काही पाठ करून घ्यायचं नाही. पण सवय वाईट. पहिल्याच दिवशी मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, "तुझ्या गावाविषयी सांग."

ती म्हणाली, "मले..."

"मला," मी म्हणालो.

"मला... माह्या..."

"माझ्या."

ती थांबली. दुसऱ्या दिवशीही तसंच. ती प्रत्येक वाक्य सुरू करायची आणि मी प्रत्येक वाक्यात एक शब्द दुरुस्त करायचो. मला वाटत होतं, भाषा तरी शुद्ध असावी; एवढं तर पाठांतर नव्हे. चौथ्या दिवशी ती आली, खुर्चीवर बसली आणि तासभर एक शब्द बोलली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज नाही.

त्याच वेळी रमेश आमच्या वस्तीत गोळ्या वाटायला आला होता. दारात सायकल लावून तो व्हरांड्यात उभा राहिला. त्यानं थोडं ऐकलं असावं. कुसुम गेल्यावर तो आत आला. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी सल्ला दिला नव्हता.

"सर, राग नका मानू," तो म्हणाला. "माह्याकडून तुमी माय लपवून घेतली. हिच्याकडून तुमी बोली लपवून राहिले. मंग हिच्याजवळ उरन काय?"

मग तोच पुढं म्हणाला, "तुमी तिले इथं खुर्चीवर बसवू नका. तिच्या बांधीत चला. मी येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सायकलींनी तिच्या गावी गेलो. दसारामजींच्या बांधीत, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या धानाच्या तुकड्यात, रोवणा सुरू होता. दहा-बारा बाया ओळीत वाकून रोपं लावत होत्या. कुसुम मधोमध होती, पोटरीपर्यंत चिखलात. दसारामजी धुऱ्यावर, त्या अरुंद बांधावर, पाय लांब करून बसले होते. मी छत्री उघडून त्यांच्याशेजारी टेकलो. रमेश उभाच राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "कुसुम, तुह्या बाबाच्या पायाले काय झालं, थे बाबाले समजावून सांग. पुस्तकातलं नोको. बाबाले समजन असं सांग. हात थांबवू नोको."

कुसुमनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "सांग."

ती रोप लावत लावत सांगू लागली. पहिली वाक्यं पुटपुटल्यासारखी. मच्छर असते, त्याच्या पोटात बारीक अळ्या असतेत, मच्छर चावते तवा थ्या अंगात जातेत, अन् अंगातल्या बारीक नळ्यांत जाऊन बसतेत.

दसारामजी म्हणाले, "नळ्या कायच्या? नदी-नाल्यासारख्या?"

"हाव. पाटासारख्या. पाट बुजला तं बांधीत पाणी तुंबते का नाही? तसं पायात तुंबते."

ओळीतली एक बाई सरळ उभी राहिली. "का वं कुसुम, मंग हे गोळ्यावाले रातीच काहून रक्त घेतेत? दिवसा त्यायचे हात दुखतेत का?"

सगळ्या बाया हसल्या, रमेशही हसला. कुसुमही हसली आणि म्हणाली, "थ्या अळ्या दिवसा आत लपून राह्यतेत, मावशी. रातीच रक्तात येतेत, मच्छर चावाच्या टायमाले. दिवसा रक्त घेतलं तं सापडतच नाही."

मग दसारामजींनी विचारलं, आणि हा प्रश्न विचारताना ते हसत नव्हते. "मच्छर तं सगळ्यायले चावते, बेटा. तुह्या मायले चावते, या साऱ्या बायायले चावते. मंग माह्याच पायाले काहून झालं?"

कुसुमचा हात थांबला. मी तोंड उघडणार होतो, रमेशनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मले माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "पुस्तकात तेवढं नाही दिलं."

"हे उत्तर पक्कं ठेव," रमेश म्हणाला. "तिथं माहीत नसलं तं असंच सांगजो."

अशी आमची तालीम दहा दिवस चालली. मी फक्त विषय काढून द्यायचो. ताप, हगवण, विहिरीचं पाणी, लहान पोरांची पोटं का फुगतात. प्रश्न दसारामजी आणि त्या बाया विचारायच्या. मी शिक्षक म्हणून इतकी वर्षं काढली, पण एवढे अवघड प्रश्न मला परीक्षेत कधी काढता आले नव्हते. आणि जी मुलगी माझ्या घरी तासभर तोंड उघडत नव्हती, ती बांधीत बोलायला लागली की ओळ संपेपर्यंत थांबत नसे.

मुलाखतीच्या दिवशी वरठीहून पहाटेच्या पॅसेंजरनं निघालो. मी, दसारामजी आणि कुसुम. कुसुमसाठी तिच्या मावशीनं नवे बूट आणले होते, पण ते पायात जाईनात. रोवण्यात चिखलात उभं राहून तिच्या बोटांच्या बेचक्या फुटल्या होत्या. ती चपलाच घालून आली. बोटांना हळद आणि मोहाच्या बियांचं तेल लावलेलं, पिवळे डाग स्पष्ट दिसत होते. हातांची नखं कितीही घासली तरी काळीच. मला पूर्वीचा मी आठवला. पूर्वी मी तिला वाटेत बूट घालायला लावलेच असते.

कॉलेजच्या आवारात कडुनिंबाखाली पोरं उभी होती. बरेच शहरातले, टाय लावलेले. एक जण बापासमोर इंग्रजी घोकत होता. दसारामजींनी ते बघितलं आणि मला हळूच विचारलं, "गुरुजी, आपलीले असं काही शिकवलं नाही ना?"

"नाही."

"मंग?"

मी पिशवीतले तिचे दाखले काढून पुन्हा एकदा मोजले. या वेळी मी काहीच शिकवलं नव्हतं. ही पोरगी हरली तर दोष पुन्हा माझाच होता.

तिचं नाव पुकारलं. ती आत गेली. आम्ही दोघं बाकावर बसलो. तिच्या आधीचे सगळे दहा-बारा मिनिटांत बाहेर आले होते. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. दार उघडेना. दसारामजी दुपट्ट्याचं टोक मुठीत पिळत होते. अर्धा तास झाला तेव्हा दार उघडलं आणि कुसुम बाहेर आली. ती सरळ माझ्याकडं आली आणि म्हणाली, "सर, मी तिथं मले म्हटलं."

मी विचारलं, "किती वेळा?"

"सारखंच म्हटलं, सर. आठवणच नाही राहिली."

मग तिनं सगळं सांगितलं. ती जसं सांगत गेली तसंच इथं देतो. मधोमध एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी इंग्रजीत नाव, गाव विचारलं. तेवढं तिनं इंग्रजीत सांगितलं आणि मग विचारलं, "पुढचं मराठीत सांगू का?" ते म्हणाले, सांगा. एका बाजूच्या डॉक्टरांनी हृदयाबद्दल विचारलं, तिनं सांगितलं. दुसऱ्यांनी एका औषधाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मले माहीत नाही." त्यांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग टोकाला बसलेल्या डॉक्टरबाईंचं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. "पायाला काय झालं?"

"चिखल्या आहेत."

"कशानं होतात?"

"रोवण्यात होते. दिवसभर पाणी अन् चिखल. बेचकीतली कातडी मऊ होऊन फाटते. मंग त्यात बुरशी बसते."

"काय लावलंय?"

"हळद अन् मोहाचं तेल. गावात हेच लावतेत."

"त्यानं बरं होतं?"

"थोडं होते. पण सकाळी पुन्हा चिखलात जा लागते, मंग पुन्हा फुटते."

बाई म्हणाल्या, "तू डॉक्टर झालीस आणि एखादी बाई हे पाय घेऊन तुझ्याकडं आली, तर तू तिला चिखलात जाऊ नकोस म्हणून सांगशील?"

आणि इथं, कुसुम म्हणाली, तिला ती बांधीत असल्यासारखंच वाटलं. "नाही सांगणार," ती म्हणाली. "मी तसं सांगितलं तं थे मलेच म्हनन, का मंग धान काय तू लावशील?"

पाचही जण हसले. वयस्कर डॉक्टर पुढं झुकले. "मग काय करशील?"

"मले वाटते, पहिले पाहीन का सकाळी निघताना कोणतं तेल लावलं तं पाणी कमी लागते. घरी आल्यावर पाय धुवून कोरडे करा म्हनीन. अन् दुपारी जेवाच्या टायमाले धुऱ्यावर पाय वाळू द्या म्हनीन. तेवढं थे आयकन. अन् मलम देईन. पण चिखलात जाऊ नोको म्हटलं तं थे पुन्हा माह्याकडे येणारच नाही. मंग तिचं दुसरं काही दुखलं तरी येणार नाही."

त्यानंतर त्यांनी तिला वीस मिनिटं सोडलं नाही. हत्तीपाय, विहीर, पोरं, रोवणाऱ्या बायांचं जेवण. शेवटी त्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "हे सगळं कुणी शिकवलं?"

कुसुमनं सांगितलं, "बाबानं प्रश्न इचारले. सर छत्री घेऊन बसले होते."

हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. दसारामजी मात्र मोठ्यानं हसले. इतक्या मोठ्यानं की टायवाली पोरं वळून बघू लागली.

यादी संध्याकाळी फलकावर लागली. गर्दी झाली. दसारामजींना वाचता येत नव्हतं. ते गर्दीत शिरले, पाय ओढत, आणि फलकासमोर उभे राहून मला म्हणाले, "गुरुजी, वाचा." मी वरून खाली बोट फिरवत आलो. सातवं नाव कुसुम दसाराम बांते.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"माहं नाव बी आहे त्यात?"

"मधोमध आहे."

त्यांनी ते नाव बोटानं चाचपलं. मग मागं वळून गर्दीतल्या कुणा अनोळखी माणसाला म्हणाले, "पोट्टी आहे माही." त्या माणसानं त्यांचा हात धरून जोरात हलवला. आम्ही परतीच्या गाडीनं वरठीला उतरलो तेव्हा रमेश स्टेशनवर उभा होता. त्याला कुणी कळवलं नव्हतं. तो नुसताच येऊन थांबला होता. कुसुम वाकून त्याच्या पाया पडली, माझ्याआधी. ते योग्यच होतं.

यानंतर माझ्या ओसरीवर पोरं येत राहिली आणि मी त्यांना त्यांच्या त्यांच्या घरी, शेतात, दुकानात नेऊन बोलायला लावत राहिलो. त्यांतली कित्येक निघाली. रमेश जमेल तेव्हा सोबत यायचा. त्याच्या आईच्या हातची बाळंतपणं आमच्या एका तुकडीनं तिच्याच तोंडून ऐकून वहीत उतरवून घेतली होती.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा कुसुमची नेमणूक आमच्याच तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. पहिल्या सोमवारी मी मुद्दाम गेलो. पत्र्याच्या शेडखाली बायका-पोरं दाटीवाटीनं बसली होती. आणि रांगेत, हातात नंबराची चिठ्ठी घेऊन, दसारामजी बसले होते.

"तुमी रांगेत काहून?" मी विचारलं. "सरळ आत जा ना."

"नंबर लावून जातो, गुरुजी."

त्यांचा नंबर आला तेव्हा मीही मागोमाग दारात उभा राहिलो. टेबलापलीकडे कुसुम बसली होती, गळ्यात स्टेथोस्कोप, समोर जाड रजिस्टर. तिनं वर न पाहताच विचारलं, "नाव?"

"दसाराम बांते."

तिनं वर पाहिलं. "बाबा? काय होते तुमाले?"

"काही नाही," दसारामजी आरामात खुर्चीवर टेकून म्हणाले. "तू बोलून राहिली थे आयकाले आलो."

कुसुमनं पेन खाली ठेवलं. क्षणभर मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. पण तिनं दाराबाहेरच्या रांगेकडं पाहिलं आणि तिच्या बोलीत, साऱ्या शेडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आयकून झालं ना, बाबा? मंग उठा आता. मांगं माही पेशंट आहे, तिले ताप आहे. अन् सर, तुमी बी दारातून सरका, हवा येऊ द्या."

आम्ही दोघं मुकाट्यानं बाहेर आलो.